पत्र्याचा क्रॉस

हार्कोर्टने कॉलर पुन्हा नीट केली आणि पाणबुडीच्या यंत्रघराकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं.

रेडिओवर अभिनंदन येऊन गेलं होतं. कप्तान हार्कोर्टला रिटरक्रॉस, जर्मन नौदलात गळ्यात मिरवायचं मानाचं पदक! खरं पदक किनाऱ्यावर मिळायचं. तोवर यंत्रघरातल्या माणसांनी पत्र्याचा क्रॉस घडवायचा, कप्तानाच्या गळ्यात घालायचा आणि तो मिरवत त्याने बंदरात शिरायचं, ही रीत. पण तो मागून घ्यायचा नसतो.

यंत्रघरात स्वयंपाकी ब्रोम्बाख कॉफी वाटत होता.

"गळ्यात पदक हवं म्हणून आपल्या म्हाताऱ्या कप्तानाचा घसा कधीचा धरला होता. सुटला एकदाचा."

"हळू बोल," मुख्य इंजिनियर ल्यूटके म्हणाला.

"का? टीटके जागा होईल?"

कुणी हसलं नाही.

मेकॅनिक टीटकेच्या पोटात कळा सुरू झाल्या, तेव्हा डॉक्टर असलेली रसदीची पाणबुडी एका दिवसाच्या अंतरावर होती. कप्तानाने जहाजांच्या ताफ्याचा पाठलाग सोडला नाही. पदकासाठी हवं होतं ते शेवटचं जहाज बुडालं. टीटकेचं प्रेत समुद्रात सोडलं, त्याच संध्याकाळी अभिनंदन आलं.

किनारा जवळ आला, तसा हार्कोर्ट स्वतःच यंत्रघरात शिरला.

"ल्यूटके, कानस आहे का?"

"आहे, कप्तान."

"आणि पत्र्याचा तुकडा?"

ल्यूटकेने दोन्ही फळीवर ठेवलं आणि तो पुन्हा इंजिनाकडे वळला. बाकीचे आपापली कामं करत राहिले. कानस घासल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मध्येच तो थांबला. हार्कोर्टचा अंगठा कापला होता. चिंधी कुणी पुढे केली नाही.

धक्क्यावर बँड वाजत होता. परिचारिका फुलं घेऊन उभ्या होत्या. पाणबुडीवर तारेला बुडवलेल्या जहाजांची निशाणं फडफडत होती, खाली खलाशी रांगेत उभे होते. नौदल तळाचे प्रमुख धक्क्यावरून टाकलेली फळी ओलांडून वर आले आणि हार्कोर्टच्या गळ्याकडे बघून खूश झाले.

"वा! पोरांचा जीव दिसतो तुमच्यावर. जरा वाकडा आहे, पण असू दे. कुणी केला?"

हार्कोर्टने अंगठा मुठीत घेतला.

"टीटकेने."

"बोलवा पुढे. शाबासकी देतो त्याला."

रांगेतलं कुणी हललं नाही. ल्यूटके सरळ समोर बघत होता.

"अहो, लाजतोय का तो?" प्रमुख हसले. "हाक मारा की!"

हार्कोर्ट रांगेकडे वळला.