मिस्त्रींचं बोट

जपानच्या हिदा भागातल्या कुरामोची मिस्त्रींचा शिरस्ता कडक होता. विजेच्या रंध्याचं पातं बदलण्याआधी ते वायरीच्या टोकाकडे बोट करून मोठ्यांदा म्हणत, "प्लग काढलेला आहे." हाताखालचे पाचही सुतार बोट करून तेच म्हणत. मगच पात्याला हात लागायचा.

त्या सकाळीही सगळं यथासांग झालं. मिस्त्रींनी रंधा उलटा केला, स्क्रू सैल केले आणि पातं बोटाने चाचपू लागले.

चहा घेऊन आलेल्या घरमालकीण सोनोएबाई म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही हो मिस्त्री, पण प्लग तर भिंतीतच आहे."

मिस्त्रींचं बोट थिजलं. पाचही सुतार अतिशय सभ्यपणे छताची तुळई न्याहाळू लागले. मिस्त्रींचे कान लाल झाले. त्यांनी जाऊन प्लग उपसला.

"ओकिमुरा, तू तरी बघितलं होतंस का रे?"

"तुम्ही म्हणालात ना, मिस्त्री," सर्वांत जुना सुतार पुटपुटला.

स्वतःचं बोट गेलं असतं, याचं मिस्त्रींना एवढं वाटलं नाही. पण वीस वर्षं या पाच जणांची पन्नास बोटं त्यांच्या शब्दावर विसंबून होती. ते पाचांपुढे कमरेत वाकले. मान वर करायचं धाडस मात्र बराच वेळ होईना.