बॉनेटखालची बोटभर जागा

थोरली जागीच थबकली ती दोन वायसर बघून.

शेडमधल्या मागच्या टेबलावर, पत्रा ठोकायच्या हातोड्यांशेजारी ते पडले होते. बोल्टखाली घालायच्या साध्याच लोखंडी चकत्या, जाडसर. तसल्या वायसरांचे डबेच्या डबे भरलेले होते शेडमध्ये. पण या दोन्हींच्या कडेला राखाडी प्रायमरचं ताजं कडं होतं, आणि तो रंग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. धाकट्या भावाने डॉक्टरांनी दुरुस्तीला दिलेल्या जुन्या गाडीच्या बॉनेटला मारलेला. म्हणजे हे बॉनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखालचे वायसर. म्हणजे त्याने ते काढले. म्हणजे बॉनेट मागच्या बाजूने खाली बसलं.

आणि गाडी शेडमध्ये नव्हती. धाकटा ती घेऊन चाचणीला गेला होता. शेजारच्या सीटवर आई होती.

घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही दोघं भावंडं जुन्या गाड्या नव्या करत. धाकट्याकडे पत्रेकाम. दार, मडगार्ड, बॉनेट यांच्यातल्या फटी एकसारख्या जुळवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. फटीत नख घालून तो डोळे मिटून सांगायचा, इथे केसभर जास्त आहे. थोरलीकडे वेल्डिंग आणि इंजिन. डॉक्टरांची गाडी तिघांपेक्षाही म्हातारी, आईपेक्षासुद्धा. तिचा इनटेक तडकलेला होता. कार्बोरेटरमधून आलेली हवा आणि पेट्रोल इंजिनच्या एकेका तोंडाला वाटून देणारी ती नळ्यांची जोडणी. तसला भाग आता कुठेच मिळत नव्हता. म्हणून थोरलीने ॲल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, वाकवल्या, जाड पट्टीवर एकेक जोडून अख्खा इनटेक नवा बनवला. आतून बोट फिरवलं तर कुठे खरखर लागायची नाही, इतका साफ.

पण तो मूळच्यापेक्षा थोडा उंच झाला होता. हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिने कार्बोरेटरच्या वरच्या दांड्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट बंद केलं होतं, आणि उघडून बघितलं होतं. माती दबून बोटभर जाडीची राहिली होती. बोटभर जागा. पुरे होती. जास्तीची मुळीच नव्हती. ॲक्सिलरेटर दाबला की तो दांडा वर उचलला जातो, आणि इंजिन जोर लावायला लागलं की रबरी पायांवर स्वतःही एका अंगाला कलतं.

हे सगळं धाकट्याला सांगायला हवं होतं. पण दोघं बोलत नव्हती.

झालं होतं एवढंच की डॉक्टर गाडी बघायला आले, कौतुकाने दारावरून हात फिरवायला लागले, आणि थोरली म्हणाली, "जपून हो डॉक्टर, आत पत्र्यापेक्षा लांबीच जास्त आहे." लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायचा लगदा. पत्रेवाल्याला असं म्हणणं म्हणजे सुगरणीला पाहुण्यांसमोर विचारणं, डबा कुठून मागवलात? डॉक्टर खो खो हसले. धाकटा हसला नाही. त्या दिवसापासून शेडमध्ये जे काही बोलणं व्हायचं ते आईच्या मार्फत.

"आई, तुझ्या लेकीला सांग, उजवं दार काढतोय."

"आई, तुझ्या लेकाला म्हणावं, काढ खुशाल."

"मी काय पोस्टमन आहे का?" असं म्हणत आई निरोप पोचवायची. मातीच्या गोळ्याचा निरोपही तिनेच पोचवला होता. बोटभर जागा आहे, आता बॉनेटला हात लावू नको म्हणावं. आईने त्यातलं किती सांगितलं असेल?

थोरलीने वायसर खाली ठेवले. 

गाडी गेली तेव्हा ती तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा चढवून बसली होती. आईचं हसणं ऐकू आलं होतं, "मलाही एक चक्कर मार रे, लाल सीटवर बसायचंय मला." थोरलीने मुद्दामच मान वर केली नव्हती. जाऊ देत, आपल्याला काय. आता तेच तिला खात होतं. एकदा मान वर केली असती, बॉनेटची मागची कड बघितली असती, तर लांबूनही कळलं असतं.

सपाट रस्त्यावर काही होणार नव्हतं. भीती चढाची होती. आणि गावात फेऱ्या मारून झाल्या की धाकटा प्रत्येक गाडी चढावरच घालायचा, गावाबाहेर खाणीच्या टेकडीवर. तिथे तो शेवटच्या टप्प्यात ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. दांडा पूर्ण वर उचलला जाणार, इंजिन कलणार, आणि बॉनेटच्या आतल्या आडव्या पट्टीच्या कडेत दांडा अडकणार. मग पाय काढला तरी इंजिन पाय काढल्यासारखं वागणार नाही. टेकडीच्या माथ्यावर लगेच वळण. वळणापलीकडे कमरेएवढा दगडी कठडा. कठड्यापलीकडे खाण.

तिने धाकट्याला फोन लावला. वाजला. कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला.

"अरे घे ना गाढवा, घे," ती रिकाम्या शेडमध्ये ओरडली. तिसऱ्यांदा फोन बंदच लागला. आईला लावला, तर आईचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर वाजायला लागला. तो वाजत असतानाच तिने स्कूटरची चावी उचलली.

स्कूटर काढताना तिला चावी भोकात घालता येईना. बाहेर पडली, पहिल्याच गल्लीत एक टेम्पो आडवा. दोन माणसं त्यातून भलंमोठं कपाट उतरवत होती.

"बाजूला घ्या! बाजूला घ्या आधी!"

"बाई, कपाट आहे, उशी नाही," त्यातला एक म्हणाला. मग त्याचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं, आणि काही न विचारता दोघांनी कपाट तसंच भिंतीला टेकवून तिला वाट करून दिली. आपला चेहरा कसा दिसत असेल, हे तिला त्यावरून कळलं आणि ती आणखीच घाबरली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. रस्ताभर तिला आई दिसत होती. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आई. पट्टा नसलेल्या त्या जुन्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन. धाकट्याला बारीकसारीक सूचना करत असेल, हळू चालव, कुत्रं आलं बघ. समोरून येणारी प्रत्येक गाडी तिला त्यांची वाटायची, आणि नसायची. एक रुग्णवाहिका शांतपणे बाजूने गेली. भोंगा वाजत नव्हता. भोंगा न वाजणं बरं की वाईट, याचाच ती पुढचा चौक येईपर्यंत विचार करत राहिली.

टेकडीच्या पायथ्याशी पोचली तेव्हा इंजिन ऐकू आलं.

तिच्या हातचं इंजिन, शंभरात ओळखलं असतं. वरच्या टप्प्यात होतं. आवाज भरदार, गोल, अगदी तिला हवा होता तसा, आणि क्षणभर, लाज वाटावी असा एक क्षण, तिला आनंद झाला. मग आवाज चढला. चढला आणि उतरेना. गिअर बदलताना आवाज पडायला हवा, पडला नाही. उलट किंचाळीसारखा वर गेला, त्यात ब्रेकची करकर मिसळली, पत्रा दगडावर घासल्याचा लांबलचक आवाज आला, आणि सगळं थांबलं.

ती शांतता जास्त वाईट होती. थोरलीने स्कूटरची मूठ पिळली. "आई, आई, आई," ती म्हणत होती. आपण मोठ्याने बोलतोय हे तिला माहीत नव्हतं.

माथ्यावर गाडी होती. कठड्याला डावी बाजू घासून पुन्हा रस्त्यावर आलेली, तोंड उताराकडे. पुढे कठड्याचे दगड ढासळून खिंडार पडलं होतं, जुनंच असेल, पण गाडीचं नाक नेमकं त्याच्याकडे होतं. चाकांमधून जळक्या ब्रेकचा धूर येत होता. इंजिन बंद. आत दोघंही बसलेली होती. पुतळ्यासारखी, समोर बघत.

"आई!"

आईने मान वळवली. कपाळावर टेंगूळ होतं, चष्मा नाकावर तिरका. "दार उघडत नाहीये गं," ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, घरचं कपाट उघडत नसल्यासारखं.

धाकट्याचे दोन्ही पाय ब्रेकवर होते. तो सीटवरून जवळजवळ उभाच राहिला होता, स्टिअरिंगला लटकून.

"ताई," तो म्हणाला. इतक्या दिवसांतला पहिला शब्द. "ताई, पाय काढला तर गाडी जाईल."

"गिअर टाक."

"हात सुटत नाहीये माझा."

खिडकीतून आत वाकून तिने हँडब्रेक ओढला. तो लोण्यातून सुरी यावी तसा हलका वर आला. तापलेले ब्रेक काही धरत नव्हते. आणि तेवढ्यात तिला ते दिसलं. गाडी सरकत होती. बोट बोट. धाकटा दोन पायांनी ब्रेक दाबून असूनही सरकत होती, आणि ते त्याला कळत होतं.

थोरली कठड्याकडे धावली. सुटा पडलेला एक दगड उचलायला गेली, उचलेना. दुसरा धरला, छातीशी कवटाळला, धडपडत आणून पुढच्या चाकासमोर टाकला. चाक त्यावर चढायला लागलं. ती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवलं नाही. धाकट्याने मात्र नंतर सांगितलं की ती दगडालाच "थांब, थांब" म्हणत होती. तिने दुसरा दगड आणला, मग तिसरा, आणि पायाने त्यांना चाकाखाली ठोकत राहिली. गाडी कुरकुरली, जराशी उचलली गेली, आणि बसली.

"आता काढ पाय," ती म्हणाली.

"नाही."

"काढ रे. मी धरलीय."

ती काय धरणार होती? दोन टन लोखंड! पण तिने खरंच दोन्ही हात बॉनेटवर टेकवले होते, आणि ते बघून धाकट्याने एक पाय उचलला. मग दुसरा. गाडी हलली नाही.

आईला धाकट्याच्या बाजूने ओढून बाहेर काढावं लागलं. ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. तिची उजवी मूठ आवळलेली होती. थोरलीने लागलंय का म्हणून बघायला घेतली, तर उघडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. आत गाडीची चावी होती, तळव्यात तिचा ठसा उमटलेला.

"हा नुसता ओरडत होता, बंद होत नाही, बंद होत नाही," आई म्हणाली. "मी म्हटलं, चावी काढली तर होईल की. मिक्सरचं बटण अडकलं की आपण काय करतो?" आणि तेवढं बोलून ती थरथरायला लागली, दातावर दात वाजेपर्यंत. थोरलीने तिला घट्ट धरून ठेवलं.

धाकट्याने बॉनेट उघडलं. सहज उघडलं नाही, दांडा आतल्या पट्टीत रुतला होता. निघाला तेव्हा पट्टीवर नव्या प्रायमरमध्ये चकचकीत ओरखडा दिसला. दोघंही त्याकडे बघत राहिली.

"मागची कड वर दिसत होती," तो म्हणाला. "डॉक्टरांसमोर पुन्हा कुणी काही बोलायला नको म्हणून वायसर काढले."

'कुणी' म्हणजे कोण, हे थोरलीला कळलं.

"निरोप दिला होता मी. जागा बोटभरच आहे म्हणून."

"आईने सांगितलं, बॉनेट ठीक आहे म्हणतेय."

"मला वाटलं, तेवढंच महत्त्वाचं," आई दगडावरून म्हणाली. 

"फोन तरी घ्यायचा होतास," थोरली म्हणाली.

"शिव्या घालायला करतेयस असं वाटलं."

त्यावर तिला हसू आलं असतं एरवी. तिने त्याच्या दंडाला हात लावला. शर्ट घामाने ओलाचिंब होता.

डॉक्टरांना त्यांनी त्याच दुपारी सगळं खरं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "आई कशा आहेत?" आणि गाडीचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलला. धाकट्याने डावं मडगार्ड आणि दार पुन्हा ठोकून काढलं. थोरलीने इनटेक कापला, कार्बोरेटरची बैठक खाली घेतली, पुन्हा जोडला. दोघं आता बोलत होती. जरुरीपेक्षा जास्तच बोलत होती: हा बोल्ट आवळतोय हं, बघ, हे बॉनेट लावतोय, ये, बघून घे. रस्त्यावर कुणी गाडीची रेस वाढवली की थोरलीचा हात वेल्डिंग करता करता थांबायचा, आणि तो आवाज खाली येईपर्यंत पुन्हा चालायचा नाही.

चाचणीची वेळ आली तेव्हा आई घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. थोरली चालवायला बसली, धाकटा शेजारी.

टेकडीवर तिने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, कारण दाबायलाच हवा होता. इंजिन भरून आलं. माथा आला, तिने पाय उचलला, आणि आवाज लगेच, अगदी आज्ञाधारकपणे, खाली आला. वळण सहज सरलं. खिंडारापाशी कुणीतरी काटक्या आडव्या लावल्या होत्या.

"थांबव जरा," धाकटा म्हणाला.

तिने गाडी कडेला घेतली. तो उतरला, वाकला आणि ओकला. तिने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. त्याने चूळ भरली, तोंड पुसलं आणि उताराकडे बघितलं.

"उतरताना मी चालवू?" त्याने विचारलं.

"तुला जमेल?"

"नाही," तो म्हणाला. "पण तू शेजारी बस."

ती उतरली. गाडीच्या पुढून जाताना तिने बॉनेट उघडून पुन्हा एकदा आत बघितलं. तो तिचं बघून होईपर्यंत दार धरून उभा राहिला.