हवं तेवढं जाळा

न्यूझीलंडमधल्या आमच्या हॉथॉर्न फ्लॅट या गावात माणूस जिवंत आहे की नाही हे नाडीवरून ठरत नाही, धुराड्यावरून ठरतं. जूनची थंडी सुरू झाली की सकाळी उठायचं, पडदा सरकवायचा आणि शेजाऱ्याच्या धुराड्याकडे बघायचं. धूर दिसला तर शेजारी आहे. नाही दिसला तर तो गावाला गेला असेल, नाहीतर कायमचा गेला असेल. दोन्ही बाबतींत आधी आपला चहा घेतला तरी चालतं.

समोरचे टेट नवरा-बायको दर हिवाळ्यात जिवंतपणीच जातात. ऑस्ट्रेलियात, बायकोच्या, म्हणजे लॉर्नाच्या, बहिणीकडे. तिथे म्हणे ऐन हिवाळ्यात लोक अर्ध्या चड्डीत हिंडतात. मागे उरतं घर, लाकडांची शेड आणि टॅम नावाचा म्हातारा, ठार बहिरा, एके काळी मेंढ्या राखणारा कुत्रा. आता त्यालाच राखायला कुणीतरी लागतं. ही पद्धत हल्ली न्यूझीलंडभर आहे. राखणाऱ्याने फुकट राहायचं, मालकाने फुकट राखून घ्यायचं, आणि आपण समोरच्यावर उपकार केले असं दोघांनीही मनात धरायचं.

खरी गंमत त्यापुढे. विजेचं बिल कुणी भरायचं? चहा-साखर कुणाची? टॉयलेट पेपर संपला तर कुणी आणायचा, आणि आणायचाच तर घरात होता तसा जाड, फुलाफुलांचा, की स्वस्तातला? आमच्या क्लबात यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, कुत्र्याची घाण काढतोय बिचारा, वर बिल कसलं मागता? दुसरा म्हणतो, भाड्याच्या खोलीत राहिला असता तर वीज काय आभाळातून पडली असती? मी दोन्ही तटांत असतो. बिअर कोण पाजतंय त्यावर आहे.

इयन टेट कुठल्याच तटात नव्हता. तो एवढंच म्हणायचा, "माणसाला कळायला हवं."

हे वाक्य आमच्याकडे फार चालतं. ज्याला कळायला हवं तो सोडून बाकी सगळ्यांना ते ऐकवलं जातं.

गेल्या वर्षी टेटांकडे ऑकलंडचं एक तरुण जोडपं राहिलं होतं. ते दिवसभर शेगडी धडधडती ठेवत, आणि मग उकडतं म्हणून खिडक्या उघडत. थंडी सरायच्या आत त्यांनी शेड रिकामी केली. मानुकाच्या लाकडासकट. आता लाकूड विकत मिळतं, नाही असं नाही, पण ओलं मिळतं. फोडलेलं, रचलेलं, वर्षभर वारा खाल्लेलं लाकूड कुठल्या दुकानात ठेवलेलं नसतं. त्यातून मानुका म्हणजे लाकडातला राजा. इयन ते भावाच्या डोंगरावरून स्वतः आणतो, स्वतः फोडतो, आणि अगदी कडाक्याच्या दिवसांसाठी हातचं राखून ठेवतो. जोडप्याने जाताना टेबलावर वाइनची बाटली ठेवली आणि 'काय ऊबदार घर आहे!' असं कार्ड. इयन त्यांना फोनवर म्हणाला, "काही हरकत नाही." नंतर वर्षभर त्याने ती हरकत खाटकाला, पाद्र्याला आणि गुरांच्या डॉक्टरला सांगितली. टॅमलाही सांगितली असावी, पण तो बहिरा.

या वर्षी आली एव्हिस पार्डी. सत्तरीला टेकलेली, जन्मभर शाळेत नर्सचं काम केलेली, काटक बाई. ती राहायची ते भाड्याचं घर मालकाने विकलं, आणि तेव्हापासून ती लोकांची घरं राखत वर्ष काढते. उन्हाळ्यात अशी घरं ढीगभर मिळतात. हिवाळ्यात, शेगडी असलेलं घर मिळणं कठीण. मागचा हिवाळा तिने भाच्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये काढला होता. म्हणून लॉर्नाने तिला, "हा हिवाळा नीट गेला ना, तर दर हिवाळ्याला घर तुमचंच समजा," असं म्हटलं, तेव्हा एव्हिसने आधी तिच्याकडे आणि मग शेगडीकडे असं पाहिलं, की मीच दुसरीकडे बघायला लागलो. मी माझी शिडी परत न्यायला गेलो होतो. उगाच हजर होतो असं कुणी समजू नये.

लॉर्नाने टॅमच्या गोळ्या, टॅमचं पांघरूण, टॅमच्या आवडीनिवडी सविस्तर सांगितल्या. एव्हिसने हळूच विचारलं, "आणि विजेचं वगैरे? मी काही द्यायचं का?"

"छे छे! काहीतरीच काय!" लॉर्ना म्हणाली. मग हसून, "गेल्या वर्षीचं बिल बघून इयनला घेरी आली होती, ते सोडा. तुम्ही अगदी मोकळेपणाने राहा."

इयनने शेड दाखवली. इकडे पाइन, तिकडे निलगिरी, आणि कोपऱ्यात नव्याने आणलेलं मानुका, एखाद्या चर्चच्या भिंतीसारखं रचलेलं. "हवं तेवढं जाळा," तो म्हणाला. म्हणताना त्याचा तळवा मानुकावर होता, शर्यतीतल्या घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

आमच्याकडे ताकाला जाऊन भांडं लपवत नाहीत. भांडं पुढे करतात, ताकच लपवतात.

टेट गेले. एव्हिसने गाडीतून आपलं सामान काढलं. स्वतःची किटली, स्वतःचा चहा, स्वतःचं मीठ, आणि टॉयलेट पेपर जाड फुलाफुलांचा. दुसऱ्या दिवशी मी पडदा सरकवला. धुराड्यातून धूर नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता. मग धुकं उतरलं, दरीत बसलं ते उठेना. तारांवर, कुंपणावर, वाळत घातलेल्या मोज्यांवर दहिवर गोठून पांढरं झालं. आणि समोरचं धुराडं थंडच.

"मेली असेल," मी म्हणालो.

"मेलेली बाई रोज कुत्रा फिरवते का?" माझी बायको नोलीन म्हणाली. "हे भाजलेले स्कोन बशीत घालून घेऊन जा, आणि डोळे उघडे ठेव. तोंड बंद ठेवलंस तरी चालेल."

एव्हिस ओव्हरकोट घालून कोचावर बसली होती. पायांवर टॅम होता. कुणी कुणाला ऊब देत होतं ते सांगता येत नव्हतं.

"शेगडी बिघडली का?" मी विचारलं.

"नाही हो, उत्तम आहे. सकाळीच पुसून ठेवली."

"पुसून?"

"मला थंडी वाजतच नाही फारशी," ती म्हणाली. बोलताना तोंडातून वाफ येत होती. दुपारभर ती टॅमला गाडीत बसवून वाचनालयात जायची, कारण तिथे हीटर असतो. आंघोळ तरणतलावावर करायची. तिकिटात गरम पाणी येतं. रात्री एकच दिवा लावायची, तोही तिने आणलेला.

मी म्हटलं, "आमच्याकडे येऊन बसा शेगडीपाशी."

"टॅमला एकटं कसं सोडू? आणि तुमच्याकडे येऊन बसायचं, तर येताना काय आणायचं?"

आमच्या गावात शेजाऱ्याची बशी रिकामी परत करत नाहीत. एव्हिसलाही ते ठाऊक होतं. दोन दिवसांनी ती पीठ, लोणी, साखर घेऊन दारात उभी. "नोलीन, तुमचा ओव्हन जरा वापरू का?" तिने बिस्किटं भाजली, आमच्याच बशीत रचली, कुंपणापर्यंत गेली, आणि वळून परत येऊन ती आम्हाला दिली.

"म्हणजे आपलीच वीज, आपलाच ओव्हन, आणि वर आपणच आभार मानायचे!" ती गेल्यावर नोलीन म्हणाली. मग तिने दुसरं बिस्किट उचललं. "त्या घरात ओव्हन लावायचीही चोरी वाटते रे तिला."

नोलीनने मग स्वतः जाऊन तिला झापलं. "इयनने सांगितलंय ना जाळा म्हणून? मग जाळा की!"

"नोलीन, मी बऱ्याच घरांत राहिले," एव्हिस म्हणाली. "तू जास्त वापरलंस असं मला एकानेही कधी म्हटलं नाही. सगळे म्हणतात, छान छान. फक्त पुढच्या वर्षी फोन येत नाही. मग मीच ठरवलं, काही वापरायचंच नाही. न वापरलेल्याचं बिल कोण मागणार? मला हे घर पुढच्या हिवाळ्यालाही हवंय."

नोलीन लोकरीचे मोजे देऊन आली. त्याबद्दल दुसऱ्या दिवशी जॅमची बरणी आली.

आठवड्याने धुकं फाटलं आणि दुपारी ऊन पडलं. गाव अंगणात येऊन उभं राहिलं. तेवढ्यात एव्हिस रस्ता ओलांडून धावत आली, नुसत्या मोज्यांवर. "छतातून पाणी! छतातून!"

मी धावलो आणि रस्त्याकडेचा पाण्याचा मुख्य कॉक बंद केला. तोवर बैठकीच्या छताचा मोठा तुकडा लॉर्नाच्या कोचावर निजला होता. शेजारी टॅम निजला होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

इयनची शेगडी घराबरोबर पाणीही तापवते, आणि तिचा पाइप आढ्यातून जातो. पाइप इयनने तरुणपणी स्वतः टाकलेला, वरून काही न गुंडाळता. शेगडी पेटती असली की आढं ऊबदार, पाणी ऊबदार. शेगडी थंड पडली की पाणी गोठतं आणि पाइप फाटतो. बर्फ असेपर्यंत फाटलेलं कळत नाही, ऊन पडलं की कळतं. एवढी गोष्ट टेटांनी सांगितली नव्हती. टॅमला शेपूची आवड नाही हे सांगितलं होतं.

एव्हिसने इयनला फोन लावला. सगळं सांगितलं, खर्च मी देते म्हणाली. मग बराच वेळ ऐकलं, फोन ठेवला आणि कपाटातून बॅग काढली.

"काय म्हणाला?" नोलीनने विचारलं.

"म्हणाला, काही हरकत नाही."

"मग बॅग कशाला?"

"म्हणूनच."

पण टॅमला टाकून जाता येईना. त्यामुळे टेट विमानाने परत आले तेव्हा एव्हिसची गाडी भरलेली आणि ती दारात उभी, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी. इयन घरात शिरलाच नाही. छताकडे न बघता थेट मागे शेडकडे गेला. आम्ही सगळे मागोमाग. पाइन तसंच, निलगिरी तशीच. मानुकावर कोळ्याने जाळं विणलं होतं.

इयन लाल झाला. इतक्या वर्षांत मी त्याला मनातलं तोंडावर बोलताना पाहिलं नव्हतं.

"जाळलं का नाहीस?" तो ओरडला. "घर भरून लाकूड ठेवलं होतं मी! कुत्र्याला गारठवलंस, स्वतः गारठलीस! मी सांगितलं होतं, हवं तेवढं जाळा!"

"सांगितलंत!" एव्हिसही ओरडली. "आणि हात कुठे होता तुमचा तेव्हा?"

"कुठे होता?"

"मानुकावर होता," लॉर्ना म्हणाली. "मी पाहिलं. लग्नात माझा हातसुद्धा इतक्या मायेने धरला नव्हतास."

"आणि पाइपचं का नाही सांगितलंत?" एव्हिस थांबायला तयार नव्हती.

"त्यात सांगायचं काय? हिवाळ्यात शेगडी विझवतं कोण?"

"माणसाला कळायला हवं," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. नोलीनने माझ्या पायावर पाय दिला.

मग उलटा लिलाव सुरू झाला. छताचे पैसे मी देणार, एव्हिस म्हणाली. पाइप माझा, पैसे माझे, इयन म्हणाला. शेगडी मी पेटवली नाही. पेटती ठेवायलाच हवी हे मी सांगितलं नाही. शेवटी लॉर्ना म्हणाली, "विमा आहे. गप्प बसा दोघं. एव्हिस, ती बॅग आत आण, मला तुझं मीठ असं गाडीत भरलेलं बघवत नाही."

एव्हिस हलली नाही. "मी राहीन," ती म्हणाली, "पण अशी नाही. मी तुमची पाहुणी नाही आणि मोलकरीणही नाही. या शेगडीत माझंही काहीतरी जळायला हवं. म्हणजे मला हात शेकता येतील."

इयन शेडकडे बघत राहिला. "फेब्रुवारीत लाकूड येतं," तो म्हणाला. "फोडायला, रचायला माणूस कमी पडतो."

एवढंच बोलून त्याने मानुकाच्या चार ढलप्या उचलल्या, आत जाऊन शेगडीत घातल्या आणि काडी ओढली.

फेब्रुवारीच्या उन्हात एव्हिस आली. स्वतःचे हातमोजे, स्वतःचा चहा. आठवडाभर ती आणि इयन लाकूड रचत होते, त्याचा थर वेगळा, तिचा वेगळा. आम्ही कुंपणावर कोपरं टेकून देखरेख करत होतो. तिचा थर उभा राहिला. इयनने तो खालपासून वरपर्यंत न्याहाळला. आता हा 'काही हरकत नाही' म्हणणार, ती गेल्यावर सगळं पुन्हा रचणार आणि खाटकाला सांगणार, असं मी नोलीनला कुजबुजलो.

"एव्हिस," इयन म्हणाला, "चुकीचं रचलंस. साल वर हवी."

"का?"

"पावसाचं पाणी निथळतं."

"शेडला छप्पर आहे, इयन."

इयनने छपराकडे पाहिलं. ते होतं. "तरी वर हवी," तो म्हणाला.

"तुझ्या थरात वर ठेव. हा माझा आहे."

जूनमध्ये टेट गेले. पंधरा दिवसांनी एका सकाळी मी पडदा सरकवला. धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"धूर दिसतो का?" इयनने विचारलं.

"दिसतो."

"कुणाच्या थरातलं जाळतेय, बघ जरा."

मी चप्पल घालून गेलो. शेडमध्ये एव्हिस बादली भरत होती. इयनचा थर चांगलाच खाली आला होता. तिच्या थरातली एक ढलपी हललेली नव्हती.

"सांगा त्याला, त्याचाच जाळतेय," ती म्हणाली. "माझं अजून नाही. थंडी वाढू दे, मग बघू." आणि बादली उचलण्याआधी तिने आपल्या थरावर तळवा ठेवला, जरासा थोपटला.