शोरा, गंधक आणि कोळसा

वरची खोली भाड्यानं द्यायची म्हटलं की आपल्याकडे किती चौकशा होतात! गाव कोणतं, घरी कोण कोण, मटण शिजवणार का, पाहुणे किती येणार. पण एकदा माणूस राहायला आला की त्याला काही विचारायचं नाही, फक्त पडद्याआडून बघत बसायचं. ही आपली जुनी खोड. तारनाक्याच्या हिम्मतरावांना तर ती फारच.

हिम्मतराव रेल्वेच्या पार्सल कचेरीतून निवृत्त झालेले. तीस वर्षं लोकांच्या पेट्यांवर संशय घेण्यात गेली, ती सवय पेन्शनीत कशी सुटावी? मुंबईच्या स्फोटांना वर्षही झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. त्यांच्या वरच्या खोलीत मारिसेल नावाची फिलिपिन्सची मुलगी राहायला आली. विद्यापीठात वर्षभर पिकांवर संशोधन करायला आली होती. सगळी गल्ली तिला ‘चिनी पोरगी’ म्हणे, आणि हिम्मतरावही.

“अहो, चिनी नाही हो ती,” जयवंताबाई नवऱ्याला सांगून थकल्या.

“शास्त्रज्ञ अमेरिकेतून येतात. त्या टीचभर बेटांवर कसलं आलंय शास्त्र? काहीतरी भानगड आहे, बघ तू.”

आणि गंमत बघा! बाजार नुकताच खुला झालेला, याच हिम्मतरावांनी परदेशी टीव्ही घेऊन गल्लीभर मिरवला होता. परदेशी डब्यावर डोळे मिटून विश्वास, परदेशी माणसावर मात्र काडीचा नाही!

डिसेंबरात एका दुपारी मारिसेल सुलतान बाजारातून आली आणि जिन्यातच तिची पिशवी फाटली. हिम्मतरावांनी एक पुडा उचलून दिला. वरचं नाव वाचलं. पोटॅशियम नायट्रेट. म्हणजे शोरा! पार्सल कचेरीच्या धोक्याच्या मालाच्या यादीतलं हे नाव त्यांना पाठ होतं. दुसऱ्या पुड्यात पिवळी भुकटी होती, ती गंधकाची. आणि गच्चीवर रविवारपासून कोळशाचं पोतं पडलेलं! शोरा, गंधक, कोळसा. बंदुकीची दारू दुसऱ्या कशाची होते?

“हे कशाला गं, बाई?” एवढं विचारायला काय लागत होतं? पण नाही. हिम्मतराव नुसतंच “गुड, गुड” म्हणाले आणि घरात येऊन दाराला कडी लावली.

पुढचे दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष लागेना. मारिसेल सकाळी परसातल्या आंब्याखाली उभी राहायची, फांद्या मोजायची, काही फांद्यांना लाल दोरे बांधायची, वहीत लिहायची. “खुणा करतेय, खुणा!” हिम्मतराव खिडकीतून पुटपुटले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पोलिसांच्या नावे अर्ज खरडला. ‘संशयित चिनी महिला, स्फोटक साहित्य.’ साक्षीदाराची सही हवी म्हणून ते शेजारी एकनाथरावांकडे गेले. एकनाथराव औषधशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.

एकनाथरावांनी अर्ज वाचला. हसले नाहीत.

“पोलीस आज तिला घेऊन जातील, हिम्मतराव. दिवस कसले आहेत माहीत आहे ना? सुटेल कधी, कोण जाणे. तिचं वर्ष गेलं, नाव गेलं. तुम्ही तिला विचारलंत?”

“चोराला विचारायचं असतं का?”

“खोकला कसा आहे तुमचा?”

“आता हे मध्येच काय? बरा आहे. गोळ्या चालू आहेत.”

“पेनिसिलिन तुम्हाला सोसत नाही. मागे जिवावर बेतलं होतं. मग डॉक्टर कोणती गोळी देतात?”

“एरिथ्रोमायसिन.”

“ते औषध कुठल्या मातीतून निघालं, ठाऊक आहे? फिलिपिन्सच्या! आबेलार्डो आगिलार नावाच्या तिथल्या डॉक्टरनं माती अमेरिकेला पाठवली, त्या मातीतल्या जंतूपासून हे औषध मिळालं. औषध जगभर गेलं, डॉक्टर मात्र विसरला गेला. त्या टीचभर बेटांचं शास्त्र तुम्ही रोज पाण्याबरोबर गिळताय, राव! चला, आधी विचारू. मग सही करायची की नाही ते बघतो.”

परसात मारिसेल स्टुलावर उभी राहून हातपंपानं आंब्यावर पाणी फवारत होती. खाली बादली धरून कोण उभं? जयवंताबाई!

“तू?” हिम्मतराव ओरडलेच. “बादलीत काय आहे?”

“शोरा,” जयवंताबाई शांतपणे म्हणाल्या. “तीन वर्षं झाडाला मोहोर नाही म्हणून तुम्हीच ना तोडायला निघाला होता? हिला सांगितलं मी. हिच्या देशात रामोन बार्बा म्हणून शास्त्रज्ञ आहेत. शोऱ्याचं पाणी फवारलं की आंबा मोहोरतो, हे त्यांनी शोधलं. आणि शेतकऱ्यांना फुकट वापरू दिलं!”

“आणि गंधक?”

“मोहोरावर भुरीचा रोग पडतो, त्याच्यासाठी.”

“कोळसा?” हिम्मतरावांचा आवाज आता पार खाली आला होता.

मारिसेलला तेवढा शब्द कळला. “कोयला? मछली, अंकल. संडे को. आप को भी बुलाया था, आप नहीं आये.”

हिम्मतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज खिशात लपवता आला असता. त्यांनी तो तिच्या हातात दिला. इंग्रजीतच होता. वाचता वाचता तिचे डोळे भरले.

“मैं रूम छोड दूँ, अंकल?”

“नको, पोरी!” हिम्मतराव हिंदी विसरून मराठीतच बोलले. “चुकलो मी. फार मोठं पाप करणार होतो.”

तिनं अर्जाची घडी घातली. मग तिनं फांदीवरचा लाल दोरा दाखवला. दोऱ्याच्या फांद्यांवर फवारायचं, बाकीच्या तशाच ठेवायच्या, म्हणजे फरक कळेल, असं तिनं ठरवलं होतं.

“हा उपाय इथे लागू पडेल का, याची तिलाही शंकाच आहे,” एकनाथराव म्हणाले. “तुम्हालाही शंका आली. पण तिनं दोरे बांधले, तुम्ही अर्ज लिहिलात!”

हिम्मतरावांनी बायकोच्या हातून बादली घेतली.

जानेवारीत लाल दोऱ्यांच्या फांद्यांवर मोहोर आला. सगळ्यांवर नाही, पण आला! हिम्मतराव गल्लीभर सांगत सुटले, तर मारिसेलनं त्यांनाच थांबवलं: एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, अंकल.

मित्रहो, शंका येणं वाईट नाही. शास्त्रज्ञांनाही ती येते. पण ते तपासतात, आणि आपण माणसाचे नाक-डोळे बघून निकाल देऊन मोकळे होतो. शेजाऱ्याविषयी मनात काही आलं, तर आधी त्याच्या दारात जा आणि त्यालाच विचारा.

मोहोर आला त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, “काय साब, तुमची चिनी पोरगी कशी आहे?”

“मारिसेल म्हणायचं. फिलिपिन्सची आहे,” हिम्मतराव म्हणाले. “आणि तिच्याविषयी काही वाटलं तर मला विचारू नका. घरी या, तिलाच विचारा. मी विचारलं नव्हतं.”