पाणपोईवरची ओटी

गिरणीच्या गच्चीवर पसरलेल्या तुरीवर नोकराने पुन्हा पाइप धरला, तशी केवळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाळ करायची तर तुरीला आधी तेलपाणी लावून उन्हात वाळवावं लागतं, नाहीतर साल सुटत नाही. डाळगिरणीत राबून केस पिकलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. पण मांजरा नदी कोरडी पडलेली, गल्लीतल्या नळाला कोळ्याने जाळं विणलेलं, आणि इथे टँकरमागून टँकर गिरणीच्या हौदात रिकामे होत होते. लातुरात त्या उन्हाळ्यात माणसापेक्षा तुरीची बडदास्त जास्त होती.

घरी शिवकांता, तिची लेक, नववा महिना लागलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज काही केवळाबाईने काढलेला नव्हता. डिंक आणून झाला होता, जुनी लुगडी फाडून दुपटी शिवून झाली होती. बाळंतिणीला आणि तान्ह्याला न्हाऊ घालायला पाणी तेवढं नव्हतं. काल नांदेडकडल्या लोह्याजवळच्या गावाहून जावई सिद्धेश्वर आला. टँकरपुढची बायकांची झोंबाझोंबी त्याने दारातून बघितली आणि जेवताना हळूच म्हणाला, "मामी, आमच्या हिरीला बुडाशी का व्हईना, पाणी हाय. हिला घेऊन जातो." पोरगा भला होता. त्याने आवाज चढवला असता तर भांडता तरी आलं असतं. नवव्या महिन्यात आईने लेक बाहेर काढली, असं आता गल्ली म्हणणार, आणि गल्लीचं तोंड कुणी धरावं?

म्हणून आज कामावर आल्या आल्या तिने चन्नबसप्पा शेठना गाठलं होतं. शेठ काही परके नव्हते. तिच्या गळ्यात लिंग, त्यांच्याही गळ्यात लिंग. बाळंतपण उरकेपर्यंत रोज दोन घागरी हौदातून नेऊ द्या, एवढंच तिचं मागणं. शेठनी हात जोडले. हौदातलं पाणी डाळीचं, त्याला हात लावला तर गिरणी बंद पडेल, मग तुमच्याच चुली विझतील, असं त्यांनी फार मायेने समजावलं. वर म्हणाले, वडिलांच्या, गुंडप्पांच्या, नावाने आजच स्टँडाजवळ पाणपोई उघडतोय. "तिथं ये अक्का. तिथं कुणालाच न्हाई म्हणायचं न्हाई, असं सांगून ठेवलंय मी."

दिवस महाराष्ट्र दिनाचा. जिल्हा नवा कोरा, त्यामुळे मिरवायची हौस दांडगी. रस्त्यावर कमानी, कमानींवर पताका. दुपारी लेक-जावयाला गाडीत बसवून द्यायला ती स्टँडाकडे निघाली, तेव्हा मैदानातल्या कर्ण्यावर कुणी साहेब जिल्ह्याची थोरवी गात होता: क्षेत्रफळ एवढं, लोकसंख्या एवढी, मांजरा ही प्रमुख नदी, डाळीच्या धंद्यात आपला हात धरणारं कुणी नाही. पाहुण्यांच्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून मैदानावर सकाळीच पाणी मारलेलं. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा! केवळाबाई मैदानाकडे बघून रस्त्यात थुंकली. शिवकांता म्हणाली, आई, लोक बघायलेत. बघू देत, केवळाबाई म्हणाली.

पाणपोईला झेंडूच्या माळा होत्या. आत चार रांजण, आणि रांजणांपुढे लांब दांड्याचं वगराळं घेऊन गिरणीचे मुनीम धोंडप्पा बसलेले. शिवकांता ओंजळीने पोटभर प्याली. मग केवळाबाईने घरून आणलेला रिकामा तांब्या पुढे केला.

"पिऊन जायचं अक्का, भरून न्यायचं न्हाई," धोंडप्पा म्हणाले. "शेठचा हुकूम हाय."

"लई लांब जायचंय पोरीला. दिवस भरलेत तिचे. वाटंत घसा सुकला तर कुठं बघावं?"

"मला समजायलंय. पण एकाला दिलं की समदे घागरी घेऊन येतील."

नांदेडची गाडी लागली होती. सिद्धेश्वर पिशव्या घेऊन जागा धरायला धावला. केवळाबाईने पुढे वाकून मुनीमांच्या हातातलं वगराळं ओढून घेतलं, रांजणात बुडवलं आणि तांब्या काठोकाठ भरला. धोंडप्पा उठले, तांब्याकडे हात केला. ती लेकीकडे वळली.

"शिवे, पदर पसर."

शिवकांताने भांबावून पदर पुढे धरला. केवळाबाईने त्यात तांब्या ठेवला, आपल्या कपाळाचं कुंकू बोटाने लेकीच्या कपाळी लावलं.

"लेकीची ओटी भरायलेय, मुनीमजी. आता ओटीतलं काढून घ्यायचं आसल तर घ्या. तुमच्या हातानं घ्या."

मुनीमांचा हात तसाच हवेत राहिला. भरल्या पोटाच्या बाईच्या ओटीत पडलेलं परत घेणारा माणूस त्या मुलखात जन्मायचा होता, आणि धोंडप्पांना स्वतःच्या तीन लेकी. ते खाली बसले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून गिरणीत येऊ नकू, अक्का."

"न्हाई येत."

जिंकल्यासारखं तिला मुळीच वाटलं नाही. तांब्याभर पाणी वाटेतल्या अहमदपूरच्या आधीच संपणार होतं. नातवंडाचं पहिलं रडणं तिच्या कानावर पडणार नव्हतं, ते दुसऱ्याच्या घरात उमटणार होतं. तिला धाय मोकलून रडायचं होतं, पण संताप एवढा होता की डोळ्यात टिपूस येईना. लेकीला कोपराला धरून तिने गाडीत चढवलं, खिडकीशी बसवलं आणि खाली उतरली.

कंडक्टरने घंटी ओढली. गाडी खड्ड्यातून हेलकावत स्टँडाबाहेर निघाली. केवळाबाईने हात वर केला. खिडकीत शिवकांता पदरातला तांब्या दोन्ही हातांनी धरून बसली होती. पाणी हिंदकळू नये म्हणून ती खालीच बघत होती, आणि हलवायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.