आधी ऊब, मग भार

"पाय जरा पुढे घे," म्हणत त्यांनी आणखी एक मग तिच्या गुडघ्यांवर ओतला. वाफेने न्हाणीघरातला आरसा केव्हाच आंधळा झाला होता. स्टुलावर बसलेल्या तिने एका हाताने भिंतीवरचा दांडा धरला आणि दुसऱ्या हाताने तोंडावरचे पाणी निपटले.

"भाजतंय का?"

"भाजलं तर पायांनी सांगायला नको? त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलंय."

ते हसले. बायको टोमणे मारते आहे तोवर तिची प्रकृती ठीक, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

दोघांनी उभी हयात एकाच कारखान्यात काढली होती. ते बॉयलरवर, ती फाटकाजवळच्या वजनकाट्यावर. प्रत्येक ट्रक एकदा भरलेला आणि एकदा रिकामा तिच्यासमोर उभा राही, आणि दोन्हींतला फरक तोच खरा माल. लोक त्यांना बॉयलरवाले म्हणत आणि तिला काटेवाली. इमारतीतही तीच नावे चिकटली होती. आकडा मनाला पटला नाही की काटेवाली गाडी पुन्हा काट्यावर चढवायला लावी. ट्रकचालक कपाळाला हात लावत, पण तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नसे.

नोकरीची काही वर्षे बाकी असतानाच तिचा डावा पाय घसटू लागला. पुढे एकाचे दोन दिसू लागले, मग उजवाही पाय जड झाला आणि घरात चाकांची खुर्ची आली. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव तिला प्रथम नीट उच्चारताही आले नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की मेंदूकडून निघणाऱ्या तारांवरचे वेष्टन जागोजागी झिजले आहे. निरोप निघतो, पण पोहोचतोच असे नाही. गेलेले सगळे परत मिळणार नाही, उरलेले मात्र राखता येईल, आणि त्यासाठी व्यायाम हवा. उन्हात जाऊ नका, असेही ते उठता उठता म्हणाले होते. तिसऱ्या मजल्यावरून खाली न उतरणाऱ्या बाईला ऊन कोठून लागणार? त्या वाक्याचा विचार घरात कोणी केला नाही.

आठवड्यातून एकदा सकाळी फिजिओ येई. बारीक चणीची, मुलीच्या वयाची. पहिल्या दिवशी तिने काहीच करून घेतले नाही. काकू कशा बसतात, कोणता हात आधी टेकतात, कोठे अडतात, एवढेच ती पाहत राहिली. मग तिने मोजकेच व्यायाम दिले. उंच केलेल्या खुर्चीवरून उठायचे, उभे राहायचे, दांडा धरून वळायचे, बसायचे. दोन उठण्यांच्या मध्ये विसावा घ्यायचा.

"काकू, हे पुस्तकातलं काढून दिलेलं नाही. तुमच्या अंगाला बेतलंय," ती म्हणाली होती. "दमल्यावर नाही, दमायच्या आधी थांबायचं."

बॉयलरवाल्यांना हे फारसे रुचले नव्हते. दमायच्या आधीच थांबायचे, तर मग केले काय, असे ते मागाहून म्हणाले. तरी हुकूम तो हुकूम. त्यांनी आपल्या पदरची एकच गोष्ट त्यात घातली. थंड बॉयलर एकदम पेटवायचा नसतो, पत्रा ताणला जाऊन सांधे फुटतात. आधी ऊब, मग भार. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी पहिल्या दिवशी शिकवले ते हेच. म्हणून व्यायामाआधी कढत पाण्याची अंघोळ. ज्या माणसाने संसारात स्वतःचा चहासुद्धा कधी केला नव्हता, तो आता सर्वांआधी उठून गीझर लावी, पाणी उतरवून घेई, आणि बायकोच्या पोटऱ्या तांबूस होईपर्यंत शेकून काढी. मग पंच्याने पाय कोरडे करी, बोटांच्या बेचक्यांसकट. काटेवालीला त्या वेळी त्यांच्या मानेवरचे पांढरे केस दिसत. तिला अंघोळीतला तोच भाग आवडे.

आणि पायांचे बळ दर आठवड्याला कमीच होत चालले होते.

त्या सकाळी फिजिओने तिला खुर्चीच्या कडेला आणले, टाचा मागे घ्यायला लावल्या, पुढे झुकून उठायला सांगितले. गुडघे अर्ध्यावरच ओल्या दोरासारखे दुमडले. त्या मुलीने कमरेला धरून सावरले, म्हणून निभावले. काटेवालीला आठवले, व्यायाम सुरू केला त्या दिवशी आपण उठून, वळून, पुन्हा बसलो होतो.

फिजिओने तिला पाणी पाजले आणि मग हळू आवाजात सांगितले, की पुढच्या वेळीही असेच झाले तर उभे राहण्याचे व्यायाम थांबवावे लागतील. पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, तर ते आगीतून फुफाट्यात होईल. बसल्या बसल्या करायचे व्यायाम ती देईल, पण पलंगावरून न्हाणीघरात नेण्यासाठी उचलणारे माणूस लागेल. परगावी असलेल्या मुलाने फोनवर हे ऐकले आणि संध्याकाळपर्यंत दोन बायका ठरवूनही टाकल्या. पुढच्या आठवड्यात नक्की कळवतो, एवढेच तो त्यांना म्हणाला होता.

 काटेवालीला आपल्या सासूबाईंचे अखेरचे दिवस आठवत होते. त्यांना उचलायलाही दोघी येत. कामात चोख होत्या, कधी आपटले नाही की ओरडल्या नाहीत. फक्त म्हातारीला कमोडवर ठेवताना त्या दोघी एकमेकींशी स्वतःच्या घरच्या गोष्टी बोलत असत, आणि म्हातारी त्यांच्या मधोमध, उघडी, छताकडे पाहत असे. आजाराचे बाकी सगळे काटेवालीने पचवले होते. न्हाणीघरात आपल्या पायांनी जाण्याएवढे तरी उरावे, एवढीच तिची मागणी होती.

दोन दिवसांनी गीझर बिघडला. तिला स्टुलावर बसवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले, की पाणी गारच आहे. कॉइल गेली असणार, कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानातून आणतो, तोवर पंचा गुंडाळून बस, असे बजावून ते खाली उतरले. ती बसली. मग कंटाळून तिने नळ सोडला आणि गार पाण्यानेच अंग धुतले. अंग शहारले. साबण खाली पडला म्हणून तिने दांडा धरून पुढे झुकून पाहिले, आणि ती उभी राहिली.

काही क्षण तिला ते कळलेच नाही. मग ती बसली, थांबली आणि पुन्हा उठली. पाय थरथरत होते, पण पायच होते. जिन्यावर त्यांची पावले वाजली तेव्हा ती स्टुलावर बसली आणि तिने पंचा गुंडाळून घेतला.

दुसऱ्या दिवशी कढत पाणी आले आणि पाय पुन्हा दोर झाले. तिसऱ्या दिवशी तिने कणकण आहे म्हणून अंघोळ टाळली. ते पेपर आणायला गेले असताना पलंगाच्या कडेवरून उठून पाहिले, तर उभी राहिली. गाडी पुन्हा काट्यावर चढवून झाली होती. आता आकड्याबद्दल शंका नव्हती.

सांगायचे कसे, एवढाच प्रश्न होता. एकदा तिने विषय काढलाही, की रोज इतकं कढत कशाला. त्यावर ते उत्साहाने म्हणाले, की आता गीझरचा काटा थोडा वरच ठेवणार आहे, परीक्षा जवळ आली ना. त्यांचा चेहरा पाहून तिने तोंड मिटले. पुढच्या दोन्ही सकाळी तिने मुकाट्याने पाय पुढे केले.

फिजिओ येण्याच्या दिवशी मात्र ती स्टुलावर बसायला तयार होईना.

"आज अंघोळ नंतर. आधी ती येऊन जाऊ दे."

"आजच गारठून बसणार? ऐन वेळी? अगं, ज्या दिवशी भार, त्याच दिवशी ऊब हवी."

"अहो, आजच्या दिवस माझं ऐका."

त्यांनी ऐकले, पण गाल फुगवून ते खिडकीशी जाऊन बसले.

फिजिओ आली. काटेवाली कडेला सरकली, टाचा मागे घेतल्या आणि उठली. उभी राहिली. विसावा घेतला, पुन्हा उठली. मुलीचा चेहरा उजळला. मग तिने वळायला सांगितले. उजवे पाऊल वळले. डाव्याला काटेवालीने मनातल्या मनात हाका मारल्या, दटावले, पण ते फरशीला खिळलेलेच राहिले. मुलीने तिला बसवले आणि म्हटले, "वळायचं बघू या." वजनकाट्यावर बसून काटेवालीने माणसांचे पुष्कळ 'बघू' ऐकले होते.

आज वेगळे काय केले, असे फिजिओने विचारले.  उत्तर खिडकीकडून आले.

"काही नाही. उलट आज अंघोळसुद्धा नाही. रोज मी व्यायामाआधी कढत पाण्यानं मस्त शेकून देतो. आज हिनं ऐकलं नाही, नाहीतर अजून बरी उठली असती."

मुलीचा हात थबकला. तिने काटेवालीकडे पाहिले. काटेवालीने 'सांगू नको' अशी मान हलवली, अगदी किंचित. मुलगी शहाणी होती. ती खाली मान घालून म्हणाली, की यापुढे व्यायाम आधी, अंघोळ नंतर, पाणी फक्त कोमट आणि पंखा चालू. का, असे त्यांनी विचारले. या आजारात तसंच करतात काका, असे ती म्हणाली. उचलणाऱ्या बायकांना तूर्त नको म्हणून कळवा, हेही तिने सांगितले. तिला सोडायला ते इमारतीच्या फाटकापर्यंत गेले. एरवी ते दारातूनच निरोप देत. परत यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि आल्यावर त्यांनी आधी गीझरचा काटा खाली आणला.

दुसऱ्या दिवशी व्यायाम आधी झाला. न्हाणीघराच्या दाराशी चाकांच्या खुर्चीवरून ती आपली आपण उठली. वळण्यापुरते त्यांनी तिच्या खांद्यांना धरून फिरवले, स्टूल मागे सरकवले आणि ती बसल्यावर ते बाहेर गेले. मागे त्यांनी दार ओढून घेतले. पाणी काढून ठेवलेले होते, पण ओतायला ते थांबले नाहीत.

तिने पहिला मग घेतला. दुधी काचेपलीकडून आवाज आला.

"गरम पाण्यानंच होत होतं ना?"

तिने उत्तर कधीचेच बेतून ठेवले होते. औषध बदलले, त्याचा गुण आला म्हणायचे. मध्ये दार होते, तोंड दिसत नव्हते, खोटे बोलायला याहून सोपी जागा मिळाली नसती.

"हो," ती म्हणाली.

तिने आणखी दोन मग अंगावर घेतले. ते निघून गेले असावेत असे तिला वाटले.

"आणि ते वळणं?"

"ते बहुतेक नाही येणार आता."

तिने पाणी गुडघ्यांवर ओतले. ते कोमट आहे की गार, हे गुडघ्यांना कळले नाही. अंग पुसून ती स्टुलाच्या कडेला आली, टाचा मागे घेतल्या, दांडा धरला आणि उठू लागली. अर्ध्यावर पाय लटपटले. स्टूल फरशीवर करकरले आणि ती धपकन खाली बसली.

काचेपलीकडे त्यांची आकृती ताडकन उभी राहिली. एक हात कडीपर्यंत आला, तेथे थांबला आणि मागे गेला.

तिने हाक मारली नाही. फिजिओने सांगितल्याप्रमाणे विसावा घेतला, आणि पायांतली थरथर ओसरल्यावर ती पुन्हा उठली.