शंभर खोकी

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर, त्रेसष्टाव्या वर्षी, राफेल आपटेकर चित्रकला शिकायला लागले. पनवेलला त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर चारुता क्लास घ्यायची. पहिला आठवडा नुसत्या रेघा, दुसरा लंबगोल. मग ती म्हणाली, "काका, आता शंभर खोकी काढा. समोर बघून काढायची, मनाने नाही."

चपलांची आणि मिक्सरची खोकी काढून साठ झाली. पुढे तीच तीच काढायचा कंटाळा आला, तेव्हा त्यांना जासई आठवली. उरणच्या एसटीतून जाताना एकावर एक रचलेले कंटेनर दिसायचे. इतकी मोठी, इतकी सरळ खोकी दुसरीकडे कुठे मिळणार? मंगळवारी सकाळी ते निघाले.

एका यार्डासमोर, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर त्यांनी वही उघडली. सातवा कंटेनर चालू असताना वॉचमन येऊन उभा राहिला.

"काय लिवताय तुमी?"

"चित्र काढतोय."

"अर्धा तास बघतोय मी. गेटाकडं बघताय, लिवताय. चला आत, सायबांना दाखवा."

आतल्या केबिनमध्ये सिक्युरिटीचा साहेब बसला होता. त्याने त्यांचा मोबाइल काढून घेतला आणि वही चाळायला सुरुवात केली. पहिल्या पानांवर नुसत्या आडव्या रेघा, बाजूला ७.१० ते ७.४० अशा वेळा. पुढे गोल, काहींवर फुल्या. मग लहानमोठी खोकी, शेवटी एकसष्टपासून नंबर घातलेले कंटेनर आणि त्यांच्यातून निघालेले बाण. राफेल उलट्या बाजूने ती पानं बघत होते, आणि त्यांनाही ती वही दुसऱ्याच कुणाची तरी वाटायला लागली.

"मागच्या महिन्यात इथून माल गेला," साहेब म्हणाला. "नेणाऱ्यांना कुठला कंटेनर कुठे आहे ते आधीच माहीत होतं. हे चौसष्ट काय?"

"चौसष्टावं खोकं. शंभर काढायची आहेत."

"आणि हे बाण?"

"कडा लांब गेल्या की एका बिंदूत मिळतात. त्या बिंदूकडे."

"कुठे आहे तो बिंदू?"

राफेलनी वहीच्या कडेपलीकडे टेबलावर बोट ठेवलं. "तो कागदाच्या बाहेर असतो."

साहेबाने वॉचमनकडे बघितलं. मग नाव विचारलं. राफेल शमुएल आपटेकर. कुठले? पनवेलचे. मूळचे? आपट्याचे. हे कसलं नाव? आम्ही ज्यू. साहेबाने ते सगळं एका कागदावर उतरवलं. आपण सांगितलेली प्रत्येक खरी गोष्ट त्या कागदावर खोटी होऊन पडते आहे, असं राफेलना वाटलं. बायकोला, एलिशेबाला, पोलिसांचा फोन गेला तर ती काय करेल? तिला त्यांनी फक्त 'बाहेर जाऊन येतो' एवढंच सांगितलं होतं.

"चित्रकार आहात ना? मग हे काढा." साहेबाने टेबलावरचं स्टेपलच्या पिनांचं खोकं पुढे सरकवलं.

राफेलनी पेन्सिल टेकवली. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी तिला येऊन मिळालीच नाही. तीन आठवडे रोज अर्धा तास काढलेली रेघ आज हवी तेव्हा हाताला सापडेना. खोकं एका बाजूला कलंडलं.

"तीन आठवडे शिकून हे?"

"हो," राफेल म्हणाले. त्यांना रडू येईलसं वाटलं. "माझ्या बाईंना विचारा. चारुता नावाने नंबर आहे."

पहिल्यांदा फोन उचलला गेला नाही. साहेबाने पोलीस चौकीचा नंबर शोधायला घेतला. राफेल खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसले. पाच मिनिटांनी चारुताचा उलट फोन आला. साहेबाने कुठून बोलतोय ते न सांगता एवढंच विचारलं, "राफेल आपटेकरांच्या वहीत अकराव्या पानावर तुम्ही काय लिहिलंय?"

"अकराव्या?" चारुता म्हणाली. "खोकं मागे रुंद होत चाललंय, हेच असणार. त्यांच्या खोक्यांच्या प्रत्येक पानावर मी तेच लिहिते. काका बरे आहेत ना?"

साहेबाने अकरावं पान काढलं. लाल पेनने तेच लिहिलं होतं. बाराव्यावरही.

त्याने कंटेनरची पानं फाडून खणात टाकली आणि वही परत दिली. "पुन्हा इकडे दिसू नका." वॉचमनने गेटपर्यंत सोडलं. "राग धरू नका काका," तो हळू म्हणाला. "आमची नोकरी हाय."

स्टॉपवर दोन एसट्या येऊन गेल्या. राफेलना उठवेना, तिसरी त्यांनी धरली.

घरी त्यांनी एलिशेबाला सगळं सांगितलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं, पण तिने फक्त त्यांचा हात धरून ठेवला. तीन दिवस ते क्लासला गेले नाहीत. बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून बघायचे. शनिवारी चारुता वर आली, समोर बसली, वहीचा विषयही तिने काढला नाही. जाताना म्हणाली, "काका, इथेच काढा. मी रोज येऊन बघेन."

रविवारी सकाळी त्यांनी टेबलावर साबणाचं खोकं ठेवलं.

"दाराला कडी लाव," ते एलिशेबाला म्हणाले. "आणि इथेच बस जरा."

तिने कडी लावली, खुर्ची ओढून शेजारी बसली. त्यांनी पेन्सिल टेकवली. पहिली रेघ थोडी वाकडी गेली, पण त्यांनी ती शेवटपर्यंत नेली.